आधी सोनं बाहेर दे

मी परातीत उभा होतो. अंगावर फक्त चड्डी. हात वर. शेठचा भाचा माझ्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवत होता, उवा काढताना फिरवतात तशी. तेवढ्यात एक गिऱ्हाईक जिना चढून आलं. बरोबर त्याची मुलगी, शाळेच्या कपड्यांत. तिनं मला बघितलं आणि झटकन मान वळवली. बाप तिला म्हणाला, "बेटा, बाहर ठैरो."

मला वाटलं, शेठ आता तरी थांबेल. निदान कपडे घाल म्हणेल. शेठ गादीवरून हसत म्हणाला, "आओ आओ साब. ये हमारा ही लड़का है. रोज का है." आणि माझ्याकडं वळून, "तोंड उघड. जीभ वर कर."

मी जीभ वर केली.

हैदराबादेत चारकमानजवळ एका गलाईच्या दुकानात मी कामाला होतो. गलाई म्हणजे जुनं सोनं आटवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. या धंद्यात बहुतेक सगळे सांगलीकडचे मराठी लोक. कुठल्याही शहराच्या सराफ्यात जा, एखाद्या अरुंद जिन्यावर यांची भट्टी सापडेलच. सोन्याचा कण कपड्यांत बसतो, नखांत शिरतो. म्हणून कारागिराचे कामाचे कपडे दुकानातच राहतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत, निवळायला ठेवतात आणि तळाचा गाळ जपतात. हे सगळं मी समजून घेतलं होतं. धंदाच तसा आहे.

पण अंगावरचे कण झाडून घ्यायला परातीत उभं राहायचं ते मी एकट्यानं. शेठचे दोन भाचे भट्टीवर माझ्यासारखंच काम करायचे. ते हात धुवायचे, केसांवरून ओला पंजा फिरवायचे आणि घरी जायचे. एकदा धीर करून मी शेठला विचारलं. तो म्हणाला, "माझा माणसावर विश्वास हाय रं. सोन्यावर न्हाय. सोनं चिकटतं."

चिकटायचं ते नेमकं माझ्याच अंगाला. सोन्यालाही जात कळते, एवढं मी त्या दुकानात शिकलो.

माझी जात शेठला पहिल्या दिवशीच कळली. माझे आजोबा निजामाच्या काळात उदगीरकडून इकडं आले, तेव्हापासून आम्ही गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. वडील स्टँडवर हमाली करता करता गेले. आई एका मेसमध्ये पोळ्या लाटते. शेठला मराठी बोलणारा माणूस हवा होता म्हणून त्यानं मला बोलावलं. आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला, आणि म्हणाला, "पाण्याची बाटली तुझी तू आणत जा." बास. त्यानंतर जातीचा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. गरजच पडली नाही त्याला.

तोंडावर मी त्याला 'अहो शेठ' म्हणायचो. इथं 'तो' म्हणतोय. वाचणाऱ्याला खटकलं तर खटकू दे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी घाबरट माणूस आहे. लहानपणापासून. कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलतो. हे सांगायला हवं, कारण पुढं लोकांनी मला शूर ठरवून टाकलं.

दुकान पहिल्या मजल्यावर. जिना चढलं की बाहेरची खोली, तिथं शेठची गादी, काटा, तिजोरी. मागं भट्टीची खोली. मध्ये लोखंडी जाळीचं सरकतं दार. भट्टीच्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी आहे, पण पार छताजवळ, धूर जायला, तिलाही गज. मोठं सोनं भट्टीवर असलं की शेठ जाळीला बाहेरून कुलूप घालायचा. आत मी आणि भट्टी. लघवीला जायचं तरी हाक मारायची आणि वाट बघायची. सुरुवातीला माझा जीव घाबरा व्हायचा. आग लागली तर? भाच्यांना एकदा विचारलं. मोठा म्हणाला, "मग लवकर हाक मार." आणि दोघं खो खो हसले.

या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाचं सोनं त्याच्या डोळ्यांदेखत आटवायचं. नाहीतर गिऱ्हाइकाला संशय येतो की आत नेऊन काही बदललं. म्हणून गिऱ्हाईक थेट भट्टीच्या खोलीत येऊन उभं राहतं, आपली साखळी, आपल्या आईच्या पाटल्या वितळताना बघतं. काही बायका तिथं रडतातही. गिऱ्हाईक आत असताना मात्र जाळी उघडी ठेवायची. त्याला कोंडलं तर त्याचा अपमान होतो.

या रीतीमुळंच तो माणूस आत आला.

दुपारची वेळ. भाचे जेवायला गेले होते. शेठ गादीवर. एका सराफाचं मोठं काम चालू होतं. त्यातली एक लगड ओतून मी गार व्हायला पाण्याच्या बादलीत टाकली होती. बाकीचं सोनं भट्टीवर मुशीत होतं. मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, पेल्यासारखं, जाड बुडाचं. शेठनं येऊन कुलूप काढलं, कारण एक गिऱ्हाईक आलं होतं.

माझ्याच वयाचा असेल. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली. रुमालात एक तुटकी साखळी बांधून आणलेली. शेठनं साखळी चाचपली, त्याला आत पाठवलं आणि स्वतः गादीवर जाऊन बसला.

मी त्याला म्हणालो, "थोडा रुकना पड़ता भाई. ये उतरने दो."

"हौ, आराम से," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. भट्टीसमोर सगळ्यांनाच येतो. मी पाठ फिरवली आणि मूस उतरवायची सांडशी उचलली. आमची सांडशी लांब दांड्याची असते, हात पोळू नये म्हणून.

मागून कुणीतरी माझी कॉलर आवळली आणि मानेला काहीतरी गार लागलं. त्या खोलीत गार काही नसतंच. म्हणून ते काय आहे हे मला लगेच कळलं नाही.

"आवाज नक्को. वो पानी में का निकाल."

मग कळलं. सुरा होता. कलिंगड कापतात तसा, लांब पात्याचा. उजव्या हातात सांडशी तशीच होती. डावा हात मी बादलीत घातला. लगड बोटांतून सारखी निसटायची. तो कानात म्हणत होता, "जल्दी कर, जल्दी कर रे." शेवटी हाताला लागली. त्यानं ती ओढून घेतली आणि खिशात टाकली. मला वाटलं, संपलं. जाईल आता. ने बाबा. मला त्या सोन्याशी काय करायचं होतं?

तेवढ्यात शेठनं बघितलं.

तो गादीवरून उठला तो असा उठला की त्याची चप्पल मागंच राहिली. त्या वयात एवढी चपळाई. मला वाटलं, मदतीला येतोय. देवाशपथ, मला तसंच वाटलं. तो जाळीपाशी आला, खर्रकन जाळी ओढली आणि कुलूप घातलं. बाहेरून.

आम्ही दोघंही त्या कुलपाकडं बघत राहिलो. चोरही आणि मीही.

"ए! खोल!" तो ओरडला. "इने दरवाजा बंद कर दिया रे! खोलने बोल उसकू!"

"शेठ, उघडा," मी म्हणालो. आवाज फुटला नाही. परत म्हणालो, "शेठ, उघडा. त्याच्याकडं सुरा आहे."

शेठ किल्ली मुठीत घेऊन जाळीपासून मागं सरकला. आणि तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो.

"आधी सोनं बाहेर दे. जाळीतनं बाहेर टाक. मग उघडतो."

मराठीत बोलला. त्या माणसाला कळू नये म्हणून. एवढा विचार त्याला सुचला. म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर होतं.

सोनं चोराच्या खिशात. सुरा माझ्या मानेवर. ते मी काढून कसं देणार होतो? शेठला हे दिसत नव्हतं असं नाही. आत दोन माणसं आणि त्याचं सोनं, तिघंही कोंडलेले. पोलीस येईपर्यंत सोनं कुठं जात नाही. माझं काय व्हायचं ते होईल. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख कळलं.

त्या माणसाला मराठी समजलं नाही, पण दार उघडत नाही एवढं समजलं. तो पिसाळला. मला ढकलत नेऊन जाळीवर दाबलं. माझं तोंड गजांत. "देख! काट देतूं इसकू! खोल बोला तो!" शेठ फोनवर कुणालातरी पत्ता सांगत होता. माझं तोंड त्याच्यापासून हातभर लांब होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

मी अंग हिसडलं. त्यानं सुरा ओढला. डावा हात मध्ये आला म्हणून गळा वाचला. हात मनगटापासून वर उघडा झाला. दुखलं नाही. गरम वाटलं. मग मांड्यांवरूनही गरम ओघळ गेला, पण ते रक्त नव्हतं. मी मुतलो होतो.

शूर माणसं अशा वेळी कशाचा विचार करतात मला माहीत नाही. मला आई आठवली नाही, देव आठवला नाही. त्या पात्यापासून लांब जायचं, एवढंच अंगात होतं. मी मागं सरत गेलो. मागं भट्टी आणि त्यामागं भिंत. पुढं जागाच नव्हती. तो सुरा पुढं धरून येत होता, रडवेल्या तोंडानं काहीतरी बडबडत. आणि माझ्या उजव्या हातात अजून सांडशी होती. ती ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

मी भट्टीवरची मूस उचलली.

लालभडक. आत सोनं दुधासारखं हलत होतं. एका हातानं मूस उचलायची नसते, तोल जातो. मी रक्तानं निसरडा झालेला दुसरा हातही दांड्याला लावला आणि ती आमच्या दोघांच्या मध्ये धरली. सुरा होता हातभर. सांडशी त्याहून लांब. त्याला माझ्यापर्यंत यायचं तर आधी त्या मुशीपाशी यावं लागणार होतं.

तो थबकला.

"वद्दु," तो म्हणाला. "वद्दु अन्ना, वद्दु." नको दादा, नको. आतापर्यंत दखनी बोलत होता, घाबरला तसा तेलुगूवर आला. सुरा मात्र सोडत नव्हता. मी मूस सोडत नव्हतो. खोलीत आम्ही दोघं भेदरलेले आणि जाळीबाहेर एक माणूस अगदी सुरक्षित.

माझे हात भरून आले. मूस कलंडायला लागली. आणि शेठ ओरडला. इतक्या वेळात पहिल्यांदा तो ओरडला.

"सांडू नको! ए, सांडू नको ते!"

माझ्या मानेवर सुरा होता तेव्हा हा ओरडला नाही. माझा हात चिरला तेव्हा ओरडला नाही. आता त्याचा गळा फाटत होता.

मी मूस उलटी केली.

सोनं फरशीवर सांडलं आणि फरशी तडकली. ठिणग्या, धूर. त्या माणसाच्या पायाशी रबर जळल्याचा वास आला. तो उडी मारून मागं गेला, बादलीला अडखळला आणि पाण्यात पडला. मी मूस टाकली आणि सांडशी त्याच्या मनगटावर हाणली. सुरा सुटला. मी तो पायानं भट्टीखाली लोटला. सांडशी परत उचलली तेव्हा तो डोकं हातांत लपवून "अम्मा, अम्मा" करत होता. मी मारलं नाही. दया आली असं नाही. हात वर जाईना.

मग आम्ही समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसलो. मध्ये ते सोनं गार होत होतं. सुरा भट्टीखाली होता, पण माझी नजर त्या माणसाच्या हातांवरून हटत नव्हती. मी परत म्हणालो, "शेठ, उघडा आता." तो म्हणाला, "पोलिस येऊ देत." पोलीस येईपर्यंत मी त्या खोलीत, त्या माणसाबरोबर, रक्त गळत बसून होतो. शेठ जाळीला चेहरा लावून फरशीकडं बघत होता.

पोलीस आल्यावर कुलूप निघालं. त्या माणसाला नेलं. लगड त्याच्या खिशातून निघाली. एक हवालदार वर थांबला आणि मला म्हणाला, "बैठ रे, गाड़ी आरी." माझ्या हाताला कुणीतरी टॉवेल गुंडाळला. भाचे जेवून परत आले होते.

शेठनं परात काढली.

"जरा हुबा ऱ्हा," तो म्हणाला. आवाज अगदी मायेचा. "सांडलंय तवा उडालंय सगळीकडं. अंगावर कण असतील. झाडून घिऊ, मग जा दवाखान्यात."

आणि मी गेलो. खोटं कशाला सांगू? पाय आपोआप गेले. परातीत उभा राहिलो. टॉवेल सोडला. हात वर केले. भाच्यानं फणी काढली आणि केसांत घातली. माझ्या चिरलेल्या हातातून रक्त कोपरावरून ओघळून परातीत टपटप पडायला लागलं.

"रक्त भाईर पडू दे," शेठ म्हणाला. "सोन्यात मिसळतंय."

मी मान वर केली. माझे दोन्ही हात डोक्याच्या वर होते. समोर सुरा नव्हता. सुरा धरला तेव्हा तर मी हे हात वर केले नव्हते. तेव्हा हे हात लढले होते. आणि आता नुसती परात दिसली तशी ते वर गेले. कुणी सांगायच्या आधी. मला भीती वाटली. सुऱ्याची वाटली त्याहून जास्त, हे मी शपथेवर सांगतो. वाटलं, हे असेच वर राहणार. मी म्हातारा होईन आणि हे वरच असतील.

मी हात खाली घेतले. परातीबाहेर पाय टाकला.

"झडती न देता गेलास तर चोर ठरशील," शेठ म्हणाला.

"ठरवा," मी म्हणालो.

तेवढंच बोलता आलं. हवालदार आमच्याकडं बघत होता, त्याला मराठी कळत नव्हतं. जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरलो. बाजार भरलेला होता. लोक बाजूला होत होते. ओल्या पँटीनं आणि चिरलेल्या हातानं मी त्यांच्यातून चालत गेलो, आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं की आता मागून कॉलर ओढली जाईल.

हाताला टाके पडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून पूर्ण मिटत नाहीत. चोर काही मला कुणी ठरवलं नाही, कारण तोवर बाजारात बोभाटा झाला होता की शेठनं आपलाच माणूस सुऱ्यासकट कोंडला. सराफ विचारायला लागले. म्हणून शेठ एका संध्याकाळी आमच्या खोलीवर आला. हातात सफरचंदांची पिशवी, बरोबर मराठी मंडळाचे अध्यक्ष. आमच्या गल्लीत तो पहिल्यांदाच येत होता. आईनं पाणी दिलं. त्यानं ते घेतलं, हातात धरून ठेवलं, आणि जाताना तसंच खाली ठेवलं.

अध्यक्ष म्हणाले, "आम्ही तुझा सत्कार करणार आहोत. रविवारी, चिक्कडपल्लीच्या हॉलमध्ये." मग शेठनं मला माझी गोष्ट सांगितली. म्हणजे मी काय म्हणालो होतो ते मलाच सांगितलं. मी म्हणे आतून ओरडलो होतो, "शेठ, कुलूप लावा! माझं काय व्हायचं ते होऊ दे, सोनं जाऊ देऊ नका!" आणि म्हणून त्यानं काळजावर दगड ठेवून कुलूप लावलं.

"तसंच झालं न्हवं?" शेठ म्हणाला. "पोलिसांम्होरं बी तसंच सांग. भट्टीवर तुझी जागा हायच."

ते गेल्यावर आई म्हणाली, "हो म्हनून टाक लेकरा. मोठी मानसं हायती. आपन कुटं पुरनार?" तिचे हात पिठाचे होते. घाबरट मी तिच्यावर गेलोय. रात्रभर ते वाक्य मी मनात म्हणून बघितलं. शेठ, कुलूप लावा. चांगलं वाक्य होतं. माझ्या तोंडी घालायला त्यांनी जातीनं मेहनत घेतली होती.

रविवारी मी गेलो. हॉलमध्ये पुण्यामुंबईकडची कंपन्यांत काम करणारी मंडळी, इथले जुने व्यापारी, नटलेल्या बायका. आईला मागच्या रांगेत बसवलं. मला शाल घातली, नारळ दिला. अध्यक्ष मराठी रक्तावर बोलले, इमानावर बोलले. शेठ माझ्याबद्दल बोलताना रडला. खरंच रडला, रुमाल काढून. टाळ्या झाल्या. मग माझ्या हातात माईक आला. "दोन शब्द बोल."

नारळ हातातून पडेल असं वाटलं. मी म्हणालो, "मी कुलूप लावा म्हणालो नव्हतो. मी उघडा म्हणत होतो. शेठ म्हणाले, आधी सोनं बाहेर दे, मग उघडतो. मी शूर नाही. मी घाबरलो होतो, मी तिथं मुतलो. सोनं मी वाचवलं नाही. मी ते सांडलं. जीव वाचवायला सांडलं."

कुणीतरी माईक बंद केला. पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, सत्काराच्या वेळी हे काय?" अध्यक्ष घाईनं पुढं आले आणि म्हणाले, "त्याच्या मनावर फार परिणाम झालाय. त्याच्यासाठी जोरदार टाळ्या." आणि लोकांनी वाजवल्या! माझी शपथ. शेठनंही वाजवल्या. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि आईला घेऊन निघालो.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. मग म्हणाली, "शाल चांगली व्हती." आणि पदरानं डोळे पुसत माझा मिटत नसलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

आता मी मलकपेठच्या बाजारात मिरचीच्या आडतीवर काम करतो. उघड्यावरचं काम, दिवसभर ठसका. बंद खोलीत मला बसवत नाही. न्हाणीचं दार लावत नाही, आई बाहेर पाठ करून उभी राहते. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर मी किंचाळतो. हमाल हसतात. हसू देत.

पोलिसांनी माझा जबाब घेतला, वाचून दाखवला. त्यात सुरा होता. कुलूप नव्हतं. मी म्हणालो, कुलूप राहिलं. साहेब म्हणाले, "वो सब कोर्ट में बोलना." मग परवा शेठचा मोठा भाचा आडतीवर आला. पोत्यावर बसला, माझ्या तंबाखूला हात पुढं केला. पहिल्यांदाच त्यानं माझ्या हातचं काही मागितलं. म्हणाला, "कोर्टात मामाचं नाव कशाला घेतोस? सांडलेल्या सोन्याची भरपाई तुझ्यावर टाकतील. म्हातारीला घेऊन कुठं जाशील?" त्या रात्री मला झोप लागली नाही. हा माणूस आता माझं कामाचं ठिकाण ओळखतो.

मी शाळेत तेलुगू शिकलो. मराठी लिहिताना अडखळतो, ऱ्हस्व दीर्घ चुकतं. तरी हे मराठीत लिहितोय. मला मरायला सोडलं ते मराठीत बोलून सोडलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना वाचता यायला हवं.

कोर्टाची तारीख लागेल. सुरा घेऊन आलेला तो माणूस समोर उभा असेल. शेठ बाकावर बसलेला असेल, भाचे बाजूला. वकील विचारेल, सुरा कुणी उगारला? मी बोट दाखवीन. पुढचं कुणी विचारणार नाही. न विचारता सांगीन, दाराला कुलूप कुणी लावलं आणि किल्ली मुठीत धरून तो काय म्हणाला. पहिल्यांदा आवाज फुटणार नाही, मला माहीत आहे. मग परत सांगीन.